सर्फ संगीतासाठी रिदम गिटार: खान्देशातल्या वादकांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे भागातली मुलं-मुली माझ्याकडे गिटार घेऊन येतात, तेव्हा बऱ्याच जणांच्या फोनमध्ये एखादी तरी सर्फ धून असते. सगळ्यांना लीड, म्हणजे पुढची धून, वाजवायचं असतं. मी आधी रिदमला, म्हणजे मागच्या ठेक्याच्या कॉर्ड वाजवायला, बसवतो, आणि तिथून प्रश्न सुरू होतात. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

सर्फ संगीत म्हणजे नेमकं काय?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हे संगीत तयार झालं. दिवसभर फळी घेऊन लाटांवर स्वार होणारी पोरं संध्याकाळी नाचायला जमत, आणि त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक गिटारवर वेगवान, बिनशब्दांच्या धुना वाजत. बाल्बोआच्या रॉन्डेव्हू बॉलरूममध्ये गिटारवादक डिक डेल वाजवायचे. त्यांची 'लेट्स गो ट्रिपिन' १९६१ची आणि 'मिसर्लू' १९६२ची. पाठोपाठ शँटेजची 'पाइपलाइन' आणि सर्फारिजची 'वाइप आउट' आली, आणि १९६३मध्ये दोन्ही गाजल्या. बीच बॉईजसारख्यांची गाण्याची सर्फ ही वेगळी शाखा, तिच्याबद्दल इथे लिहीत नाही. १९६४मध्ये बीटल्स अमेरिकेत पोचले आणि सर्फचा बहर ओसरला. नंतर १९९४च्या 'पल्प फिक्शन' सिनेमाच्या सुरुवातीला 'मिसर्लू' वाजली आणि नव्या पिढीचे कान पुन्हा तिकडे वळले.

आपल्याकडे समुद्र नाही. खान्देशात बसून हे वाजवण्यात काय अर्थ?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं. तापी भुसावळवरून, प्रकाशा गावावरून वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. आपला समुद्राशी संबंध तेवढाच. पण 'सर्फिन बर्ड' वाजवणारे ट्रॅशमेन मिनियापोलिसचे, म्हणजे अमेरिकेच्या अगदी पोटातले. अ‍ॅस्ट्रॉनॉट्स हा बँड कोलोरॅडोतल्या बोल्डरचा, डोंगरांच्या पायथ्याचा. ज्यांचं वादन ऐकून हजारो पोरांनी गिटार उचलली ते व्हेंचर्स वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचे. व्हेंचर्स जपानमध्ये गेले तेव्हा तिथे इलेक्ट्रिक गिटारचं असं वेड पसरलं की त्या लाटेला 'एरेकी' असं नावच पडलं. तिथले गिटारवादक ताकेशी तेराउची यांनी तर जपानी लोकगीतं या ढंगात वाजवली.

म्हणजे किनारा हवाच असं नाही. लाट येते, उचलते, फुटते, परत येते. ती गती उजव्या हातात उतरली पाहिजे. आणि हा ढंग हिंदी सिनेमामार्गे आपल्या कानांवर कधीच येऊन गेलाय. 'गुमनाम' (१९६५) मधलं 'जान पहचान हो' ऐका, त्यातली गिटार याच घराण्याची आहे.

लीड सगळ्यांना ऐकू येते. मग रिदमवाल्याचं काम काय?

लीड म्हणजे फळीवरचा माणूस, आणि रिदम म्हणजे त्याच्या पायाखालचं पाणी. पाणी हललं नाही तर तो कशावर उभा राहणार?

'पाइपलाइन' नीट कान देऊन ऐका. त्या ध्वनिमुद्रणात बेस, इलेक्ट्रिक पियानो आणि रिदम गिटार पुढे आहेत. लीड आणि ड्रम मागे दबलेले आहेत. आपल्या सवयीच्या अगदी उलट. तरीही, किंवा म्हणूनच, ती धून अंगावर येते. व्हेंचर्सच्या डॉन विल्सन यांची रिदमही अशीच ऐका. लीडवरचं लक्ष काढून फक्त त्यांच्या हाताचा माग घ्या. पहिल्यांदा ऐकताना काहीच हाती लागणार नाही, चौथ्या वेळेला मागचं सगळं उलगडतं.

मी स्वतः अनेक वर्षं गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात सहाही तारांवर भरभरून स्ट्रमिंग करत होतो. सर्फ वाजवायला लागलो तेव्हा एका मित्राने आमच्या सरावाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात त्याची धून कुठे सुरू होते आणि माझी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कुठे संपते तेच कळत नव्हतं. त्या दिवसापासून मी कमी तारा आणि छोटा आवाज यांच्यामागे लागलो.

सुरुवात कोणत्या पॅटर्नने करू?

आठ सरळ खालचे फटके. चार मात्रांच्या एका बारमध्ये 'एक नि दोन नि तीन नि चार नि' असं तोंडाने म्हणा आणि प्रत्येक शब्दाला एक खाली. वर अजिबात नाही. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा गिटारच्या पेटीवर जिथे टेकतात तिथे) तारांवर हलकी टेकलेली असावी, म्हणजे आवाज 'झंग' न येता 'ठक' येईल. दोन आणि चार या मात्रांवर किंचित जोर द्या.

पोरांना हे फार सोपं वाटतं. पण तीन मिनिटं न थांबता, आवाज जराही कमी-जास्त न होऊ देता वाजवून बघा. मनगट जिथे अवघडतं तिथेच तुमचा खरा सराव सुरू होतो.

आणि खरा सर्फ ठेका कोणता?

ड्रमवर तो असा येतो: डुम्म, टक-टक, डुम्म, टक. पहिल्या मात्रेला किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), दुसऱ्या मात्रेला स्नेअरवर (काडीने वाजणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमवर) दोन झटपट फटके, तिसऱ्याला किक, चौथ्याला स्नेअर. गिटारवर तेच असं वाजवा:

एक (खाली), दोन-नि (खाली-वर), तीन (खाली), चार (खाली).

सगळी गंमत त्या 'दोन-नि' मध्ये आहे. तिथे स्नेअर आणि गिटार एकावर एक बसले की खोलीतली हवा बदलते, हे वाजवणाऱ्यालाच कळतं. दोघांत केसभर फरक पडला तर ठेका लंगडतो. म्हणून ड्रमवाल्याच्या शेजारी बसा, डोळे त्याच्या डाव्या हातावर ठेवा आणि पहिला अर्धा तास फक्त एका कॉर्डवर हेच वाजवा.

याच ठेक्याचं दुसरं रूप मला जास्त आवडतं. एक आणि तीनला फक्त जाड तार, म्हणजे कॉर्डचा मूळ स्वर, दाबून. दोन-नि आणि चारला तीन पातळ तारांवर कॉर्ड, तीही छाटलेली. बेसवाला आला नसेल त्या दिवशी हा पॅटर्न अख्खा बँड तोलून धरतो.

तिसरा म्हणजे घोड्याच्या टापांचा: खाली, खाली-वर, खाली, खाली-वर. पहिला फटका लांब, पुढचे दोन निम्म्या वेळाचे. वाळवंटी, धूळ उडवणाऱ्या धुनांना तो शोभतो. प्रत्येक ठिकाणी मात्र घालू नका.

'हात थांबायचा नाही' असं तुम्ही सारखं सांगता, म्हणजे काय?

उजवा हात शिवणयंत्राच्या सुईसारखा एकाच गतीने खाली-वर होत राहिला पाहिजे. जिथे आवाज नको तिथेही हात खाली येतोच, फक्त पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) तारांना स्पर्श न करता जाते. आवाज थांबवायचा तो डाव्या हाताने: बोटं तारांवरच ठेवून दाब सैल केला की कॉर्ड तिथल्या तिथे मरते. हात चालू, तार बंद. नवशिक्या वादक याच्या उलट करतो. आवाज नको तिथे उजवा हात हवेत थबकतो, मग पुढच्या मात्रेला धावत येतो आणि दर बारला ठेका थोडा थोडा पुढे सरकतो. मी ज्या चुका सुधारत बसतो त्यातल्या बहुतेक इथूनच निघतात.

मी आधी ढोलकी वाजवायचो. त्याचा फायदा होईल का?

होईल, आणि एक अडचणही येईल. लय आत बसलेली असते हा फायदा मोठाच. पण आपल्या लोकगीतांच्या ठेक्यात एक झोका असतो. लग्नातली, सणावाराची अहिराणी गाणी ऐकून वाढलेला हात आपोआप झोका घेतो: पहिला फटका जरा लांबतो, दुसरा जरा उशिरा पडतो. तो आपल्या मातीचा गोडवा आहे. सर्फमध्ये मात्र दोन फटक्यांमधलं अंतर काटेकोर सारखं लागतं. 'एक नि दोन नि' मधला 'नि' बरोबर मधोमध.

तुमचा हात झोका घेतोय की नाही हे ओळखायची सोपी रीत आहे. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिक-टिक करणारं यंत्र) दुप्पट वेगावर लावा, म्हणजे प्रत्येक 'नि'लाही टिक येईल. टिक फटक्याखाली ऐकू येईनाशी झाली तर हात सरळ आहे. टिक वेगळी ऐकू आली तर झोका आहे. एका ढोलकीवाल्या मुलाला हे साधायला दोन महिने लागले, पण साधल्यावर त्याच्याइतका पक्का रिदम वाजवणारा माझ्याकडे दुसरा कुणी झाला नाही.

कॉर्ड कोणत्या लागतात?

थोड्याच. ए मायनर, जी, एफ, ई ही उतरती चौकडी आधी पाठ करा. व्हेंचर्सची १९६०ची 'वॉक, डोन्ट रन' याच उतरंडीवर चालते. दुसरी वाट म्हणजे बारा बारचा ब्लूज: ए चार बार, डी दोन, ए दोन, मग ई एक, डी एक, ए दोन. 'वाइप आउट'चा सांगाडा याच जातीचा.

मोकळ्या कॉर्ड, म्हणजे काही तारा न दाबता वाजणाऱ्या, कमी वापरा. बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून धरलेली) घेतली की सगळ्या तारा बोटांच्या ताब्यात असतात, सैल सोडताच बंद होतात. मोकळी तार वाजत राहते आणि ठेका चिखलात जातो. सहाही तारा दाबायची गरज नाही. पातळ तीन-चार पुरतात.

किती वेगाने वाजवायचं?

जिथे नीट येतं तिथून. मी मिनिटाला ८० बीट्सवर (मात्रांवर) सुरू करायला सांगतो. दोन मिनिटं खांदा सैल ठेवून वाजलं की ५ने वाढवा. १६०ला पोचलात की बहुतेक धुना तुमच्या आवाक्यात येतील. घाई करणाऱ्याचा वेग चार दिवसांत वाढतो आणि पाचव्या दिवशी मनगट दुखतं.

डबल पिकिंग म्हणजे काय? ते रिदमवाल्याला यायला हवं का?

एकाच तारेवर खाली-वर-खाली-वर असा अखंड मारा, एका मात्रेत चार फटके. १६० बीट्सला याचा हिशेब मिनिटाला ६४० फटके होतो, सेकंदाला दहापेक्षा जास्त. 'मिसर्लू'त डिक डेल जाड तारेवर हेच करतात.

आपल्याकडे हे नवीन नाही. वरातीतल्या बेंजोवाल्याचा उजवा हात बघा. डावा हात बटणांवर चाल वाजवतो आणि उजव्या हातातली पट्टी तारांवर थरथरत राहते, एकाही स्वराला मरू देत नाही. हत्यार वेगळं, हालचाल तीच. मी पोरांना सांगतो, भो, पुढच्या लग्नात जेवणाच्या पंगतीकडे धावण्याआधी पाच मिनिटं बेंजोवाल्याजवळ उभा राहा. त्याची कोपरापासूनची निवांत हालचाल बघ. तास-दोन तास वाजवणारा माणूस जोर लावत नसतो.

रिदमवाल्याला हे जरूर यावं. लीड थांबते तिथे जाड तारेवर दाबलेल्या डबल पिकिंगने खाली घसरत येणं ही सर्फची खास खूण आहे.

'मिसर्लू' ऐकली की आपलीच काहीतरी चाल वाटते. खरं आहे का?

कान बरोबर सांगतोय. ही मूळची पूर्व भूमध्य समुद्राकाठची लोकधून. १९२७मध्ये ती ग्रीक भाषेत ध्वनिमुद्रित झाली होती. डिक डेल यांचं वडिलांकडचं घराणं लेबनॉनचं, त्यामुळे तो सूर त्यांच्या घरातलाच. आणि तिचे स्वर भैरव थाटाशी जुळतात: कोमल रिषभ, कोमल धैवत, बाकी शुद्ध. पहाटेच्या भैरवाचे स्वर इलेक्ट्रिक गिटारवर घोड्यावर बसवल्यासारखे पळतात. हार्मोनियमवर सा रे ग म शिकलेल्या मुलाला ही धून बसवायला मी स्वरलिपीच देतो, पटकन जमतं.

त्यावर रिदम मात्र साधी ठेवा. मूळ कॉर्डवरच टिकून राहा आणि धून जिथे वळते तिथेच बदला.

रिव्हर्ब किती ठेवायचा?

लीडपेक्षा कमी. हा माझा ठाम आग्रह आहे.

आधी रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, कसा होतो ते समजून घ्या. अ‍ॅम्पच्या पेटीत किंवा वेगळ्या डब्यात स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. गिटारचा सिग्नल एका टोकाला स्प्रिंग हलवतो, कंप दुसऱ्या टोकापर्यंत जातो, आपटून परत येतो, पुन्हा जातो. ते कंप उचलून मूळ आवाजात मिसळले की पोकळ, ओला नाद मिळतो. हॅमंड ऑर्गनसाठी वापरात असलेली ही युक्ती फेंडर कंपनीने १९६१मध्ये गिटारवाल्यांसाठी वेगळ्या डब्यात दिली. तळहाताने दाबलेला तुटक फटका त्या स्प्रिंगांत शिरला की नळाचा थेंब भरल्या बादलीत पडावा तसा 'टुब्ब' असा आवाज येतो. सर्फ वाजवणारे या थेंबासाठी जीव टाकतात.

पण रिदमवर रिव्हर्ब जास्त झाला तर प्रत्येक फटक्याची शेपटी पुढच्या फटक्यावर चढते आणि 'दोन-नि' ऐकूच येत नाही. आधी रिव्हर्ब पूर्ण बंद करून ठेका घट्ट करा, मग थेंबभर सोडा. 'लेट्स गो ट्रिपिन'मध्ये रिव्हर्ब नाही, तरी ती सर्फच आहे. महागडं पेडल नाही म्हणून थांबू नका.

माझ्याकडे साधी अकूस्टिक आहे. चालेल?

चालेल. हात त्याच्यावरच घडवा. लाइट गेली तरी सराव थांबत नाही.

तारा आणि पिक कशा घ्याव्यात?

पातळ तारांवर जोराचा खालचा फटका मारला की सूर क्षणभर चढतो आणि तार फडफडते. म्हणून इलेक्ट्रिकवर ९च्या ऐवजी ११चा संच लावा (आकडा सगळ्यात पातळ तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत). बोटं आठवडाभर कुरकुरतील, मग सवय होईल. डिक डेल यांची सगळ्यात पातळ तारच १६ची होती. ते डावखुरे, उजव्या हाताची गिटार उलटी धरत आणि तारा तशाच ठेवत, म्हणजे जाड तार खाली. त्यांची नक्कल करू नका, त्यांचा हात वेगळाच होता.

पिक मधली ते जाड घ्या, ०.७३ मिलिमीटरपासून १ मिलिमीटरपर्यंत. टोक तारेत खोल बुडवू नका.

उन्हाळ्यात गिटार सारखी बेसूर होते. काय करावं?

जळगाव-भुसावळचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. पारा ४५च्या आसपास असतो. गरमीने तारा प्रसरण पावतात आणि सूर उतरतो. गिटार पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवू नका, बंद गाडीत तर कधीच नाही. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: कूलरसमोर बसून वाजवू नका. कूलरची हवा दमट असते आणि खोलीबाहेरची कोरडी ठणठणीत. दिवसातून चार वेळा या दोन हवांमध्ये लाकडाची ओढाताण झाली की मान वाकते, तारा वर उचलल्या जातात आणि बार कॉर्ड दाबताना बोटं फुटतात. केसमध्ये ठेवा, वाजवून झाल्यावर घामाच्या तारा सुती कापडाने पुसा. वाजवायची वेळ पहाटेची किंवा रात्रीची.

पंधरा मिनिटांत हात दुखायला लागतो.

पिक घट्ट धरली आहे. चिमणीचं पिल्लू धरावं तशी धरा. दुखायला लागलं की थांबा, दुखण्यावर वाजवत राहू नका. दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

ड्रमवाला मिळत नाही. ताशावाला मित्र आहे. जमेल?

का नाही? 'वाइप आउट'मधला तो गाजलेला ड्रमचा तुकडा आठवा: टॉम या ड्रमवर अखंड सोळांश (एका मात्रेत चार) फटके आणि मधे मधे जोराचे ठोके. ताशावाल्याला याची फोड करून सांगावी लागत नाही, एकदा ऐकवली की त्याच्या काड्या चालू होतात. जोडीला एक ढोल किंवा नुसता उलटा पिंप घ्या. ढोल एक आणि तीनला, ताशा दोन-नि आणि चारला. फक्त ताशावाल्याला सांगा की सर्फमध्ये वेग वाढवत न्यायचा नसतो. मिरवणुकीत लय चढते तेव्हा लोक नाचतात, इथे लय जिथे धरली तिथेच राहिली पाहिजे.

एखादी खान्देशी चाल सर्फमध्ये बसवता येईल?

मला हेच व्हायला हवं आहे. तेराउचींनी जपानी लोकगीतांचं केलं ते आपण आपल्या चालींचं करू शकतो.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खान्देशातली देवी बसते. त्या रात्री बायका ज्या चाली म्हणतात, त्यातल्या कितीतरी पाच-सहा स्वरांच्या, वळून वळून पहिल्या ओळीवर येणाऱ्या आहेत. सर्फच्या धुनाही अशाच असतात, छोट्या आणि परतून येणाऱ्या. एक चाल निवडा. आधी आजीकडून किंवा काकूंकडून ती नीट म्हणून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, आणि वाजवण्याबद्दल त्यांना विचारा, कारण ती देवीची गाणी आहेत. मग तिचा झोका सरळ करून बघा. ए मायनर धरून आठ खालच्या फटक्यांवर एकट्या तारेवर चाल वाजवा. चाल तग धरते का, की सरळ केल्यावर तिचा जीव जातो, हे दहा मिनिटांत कळतं. जीव गेला तर ती सोडा, दुसरी घ्या. तग धरली तर 'दोन-नि' घाला, आणि जिथे बायका श्वास घेतात तिथे रिदमने दोन मात्रा पूर्ण गप्प राहा.

आम्ही मागच्या श्रावणात अशी एक चाल बसवली. वाजवून झाल्यावर शेजारच्या आजींनी विचारलं, "मधी का थांबतस रे?" मी म्हटलं, "तुम्ही तिथेच थांबता ना आजी, म्हणून." त्यांनी पुन्हा एकदा वाजवायला सांगितलं आणि त्या दोन मात्रांत स्वतः टाळी दिली. आता आमच्या पॅटर्नमध्ये ती टाळी कायम आहे: सातव्या बारमध्ये, तीनला आणि चारला.